आडवे तीस, उभे आठशे

चिचटोल्याच्या शंकरपटात टेकचंदची बैलजोडी वीतभरानं हरली, त्याला वर्ष होत आलं होतं. टेकचंदच्या घरात मात्र ती जोडी रोज हरत होती. सकाळी चहाच्या कपाबरोबर विषय निघायचा, दुपारी जेवताना निघायचा, आणि बाजारातून कोणी ओळखीचं आलं की पुन्हा पहिल्यापासून निघायचा.

झालं होतं ते एवढंच. धानाची कापणी आटोपली की दर जानेवारीत गावाच्या तलावाखालच्या पडीत जमिनीवर पट भरायचा. शेजारी शेजारी दोन वाटा आखायच्या, दोन्ही वाटांवरून एकेक जोडी सोडायची, जी आधी शेवटच्या दोरीला नाक लावेल ती जिंकली. त्या साली डाव्या वाटेच्या शेवटाजवळच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पाणी उशिरापर्यंत राहिलं होतं. म्हणून पंचांनी डावी वाट जराशी बाहेरच्या बाजूला तिरपी ओढली. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा टेकचंदला डावी वाट आली आणि कारध्याच्या गोपीचंदला उजवी, सरळ. गोपीचंद आणि टेकचंद जुने दोस्त. गोपीचंदच्या बैलाचं नाक वीतभर आधी दोरीला लागलं. पंचांनी तसं पुकारलं, लोकांनी गुलाल उधळला, आणि टेकचंद घरी येऊन जेवला नाही.

"माही वाट तिरपी होती," तो म्हणायचा. "तीस विती बाहेर नेली होती लेकायनं. म्हंजे तीस विती मी जास्त पळालो. अन् हरलो कितीनं? एका वितीनं. मंग जितलं कोन, सांगा."

ऐकणारा विचारात पडायचा. तीस विती बाजूला गेलं तर तीस विती जास्त झाल्या, हे हिशेबाला पटण्यासारखं होतं. कोणी हो म्हणायचं, कोणी गोपीचंदच्या बैलांची तारीफ करून विषय बदलायचं. टेकचंदची बायको सुंदरबाई तेवढी स्वयंपाकघरातून म्हणायची, "गोपीचंदभाऊ जितले. जेवा आता."

मे महिन्यात त्यांच्या मुलाचं, घनश्यामचं लग्न झालं. मुलगी अड्याळची, नाव सत्यवती, मॅट्रिक पास. गावात तोवर मॅट्रिक झालेली सून कोणाच्याच घरी नव्हती, म्हणून पहिले दोन महिने बाया काही ना काही निमित्तानं तिला बघून जायच्या. बघण्यासारखं तिच्यात काही सापडलं नाही. ती डोक्यावरचा पदर सांभाळून भाकरी थापायची, रोवणीला इतर बायांबरोबर चिखलात उतरायची, आणि सासऱ्यांसमोर बोलायची नाही. त्या काळची रीतच तशी होती. सासऱ्याला काही सांगायचंच असलं तर ते सासूला उद्देशून सांगायचं. टेकचंद दोन हातांवर बसलेला असला तरी ती म्हणायची, "आत्याबाई, मामाजींना म्हणावं, अंघोळीचं पाणी तापलं." मग सुंदरबाई म्हणायची, "पानी तापलं जी." आणि टेकचंद म्हणायचा, "ऐकू आलं."

पटाची कथा मात्र तिनं आठ महिन्यांत इतक्या वेळा ऐकली की ती तिला पाठ झाली. पहिल्यांदा ऐकली त्या दिवसापासूनच तिला त्यात काहीतरी खुपत होतं, पण सांगणार कोणाला?

डिसेंबरच्या शेवटी गावचे सरपंच भय्याजी घरी आले. पटाची तयारी त्यांच्याकडेच असायची. ओसरीवर बसून त्यांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, "टेकचंदभाऊ, जोडीचं नाव लिहून घेऊ ना?"

"आधी मागच्या सालचं लिहा," टेकचंद म्हणाला.

"काय लिहू?"

"का डावी वाट तीस विती जास्त होती. अन् टेकचंदची जोडी हरली नाई. मंगच माही जोडी उतरन."

"अरे भाऊ, वर्ष झालं त्याले. गोपीचंद काय म्हनन?"

"काय म्हनाचं ते म्हनू दे."

भय्याजींनी पुष्कळ समजावलं. शेवटी उठताना ते सुंदरबाईला म्हणाले, "वहिनी, यांच्या जोडीबिगर पट कसा वाटन? बैलं तर गावातले हेच." भय्याजी गेल्यावर सुंदरबाई चुलीजवळ आली आणि पाटावर बसून सुनेला म्हणाली, "तू मॅट्रिक हायेस ना? मले एक सांग. हे वाट किती लांब होती, हे मोजता येते का नाई? एकदाचं काय ते निघू दे. तीस निघाले तर आपन पंचाइले सांगू. नाई निघाले तर या मानसाचं तोंड तरी बंद होईन."

सत्यवती हसली. मग म्हणाली, "येते आत्याबाई. पण तीस नाही निघणार."

"मंग किती?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी पुरुष गंजीच्या कामात होते तेव्हा दोघी तलावाखालच्या पडीतावर गेल्या. सोबत रोवणीची दोरी घेतली होती. टेकचंदकडे तीन वर्षांपासून जपानी पद्धतीनं रोवणी व्हायची, म्हणजे रोपं दोरी लावून, ओळीत, सारख्या अंतरावर. दोरीवर विती-वितीला लाल चिंधी बांधलेली होती, आणि ती टेकचंदनं स्वतःच्या वितीनं मोजून बांधली होती. मागच्या वर्षीच्या वाटांच्या खुणा अजून जागेवर होत्या. डाव्या वाटेच्या सुरुवातीला पुरलेला दगड, दुसऱ्या टोकाला ती वाट एरवी जिथं सरळ संपायची तिथला दगड, आणि त्याच्या बाजूला, बोडीच्या पलीकडून आखलेल्या तिरप्या वाटेचा.

आधी त्यांनी तिरपी वाट थेट दोरीनंच मोजून पाहिली. पहिल्या खेपेला आठशे तीन विती आल्या. सरळ वाट ढोबळ आठशेची, म्हणजे तीन विती जास्त; सुंदरबाई खूश झाली. पुन्हा मोजली तर सातशे अठ्ठ्याण्णव. तिसऱ्यांदा आठशे एक.

"हे काय व्हय?" सुंदरबाई म्हणाली. "वाट लहान-मोठी होऊन राहिली का?"

"दोरी होऊन राहिली," सत्यवती म्हणाली. आता तिच्याही बोलण्यात गावाची बोली येऊ लागली होती. "सकाळी दहिवरानं ओली होती, आता वाळली. अन् मधात झोल पडते. एवढ्या लांबीत दोरीचा भरवसा नाही. आपल्याला तर एका वितीचा निवाडा करायचा आहे."

"मंग?"

"मंग तिरपं मोजायचंच नाही. सरळ मोजायचं अन् आडवं मोजायचं. तिरपं कागदावर काढायचं."

सरळ वाट त्यांनी आठशे धरली. कमी-जास्त दोन-चार असतील, पण सत्यवती म्हणाली की त्यानं बिघडत नाही. आडवं अंतर मात्र, म्हणजे शेवटी दोन दगडांमधलं, तिनं तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा तीस आलं. टेकचंदची तेवढी गोष्ट खरी होती.

घरी आल्यावर तिनं लग्नात आणलेल्या पेटीतून आलेखाचा कागद काढला. शाळेतला एकच उरला होता, दोन वर्षांपासून साड्यांखाली ठेवलेला. खालच्या डाव्या कोपऱ्यात तिनं एक टिंब दिलं आणि सासूला सांगितलं, हा सुरुवातीचा दगड. एक बारीक घर म्हणजे दहा विती. मग उजवीकडे ऐंशी घरं मोजली, तिथून वर तीन घरं, आणि दुसरं टिंब दिलं. दोन टिंबांना जोडणारी रेघ ओढली.

सुंदरबाई कागदावर वाकली. "हे तर सरळच दिसून राहिली."

"दिसते ना? त्याचाच तर हिशेब आहे."

तिनं कागदाच्या कडेला गुणाकार मांडले. ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे. तीन त्रिक नऊ. बेरीज सहा हजार चारशे नऊ. आता अशी संख्या शोधायची जिला त्याच संख्येनं गुणलं तर हे यावं. ऐंशीपेक्षा जास्त, एक्क्याऐंशीपेक्षा पुष्कळ कमी. ती ओठ मुडपून गुणत राहिली, खोडत राहिली. भाजी करपल्याचा वास आला तेव्हा सुंदरबाईनं स्वतः उठून भांडं उतरवलं, सुनेला हाक मारली नाही.

"निघालं," सत्यवती शेवटी म्हणाली. "तिरपी वाट आठशे विती अन् वर अर्धी वीत. अर्धीपेक्षा जराशी जास्त. बोटांनी सांगायचं तर पावणेसात बोटं."

वीत म्हणजे बारा बोटं, हे सुंदरबाईला सांगावं लागलं नाही. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, मनात वजाबाकी केली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे वर्षभर हा मानूस सात बोटायसाठी रुसून बसला. अन् तरीबी हरलाच."

"आता मामाजींना कोण सांगणार?" सत्यवती म्हणाली.

"मी सांगतो ना," सुंदरबाई म्हणाली. त्या भागातल्या बाया पुरुषांसारखंच 'सांगतो', 'जातो' म्हणतात.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं. टेकचंदनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. सून दाराआड उभी होती.

"हे काय रेघोट्या? तीस विती आडवं गेलो मी. ते तीस गेले कुठी?"

"आत्याबाई," दाराआडून आवाज आला, "मामाजींना म्हणावं, पुढे जाणं अन् बाजूला जाणं यांची बेरीज होत नसते. दोन्ही एकाच वेळी होते ना, म्हणून."

"ऐकलं," टेकचंद म्हणाला. "तिले म्हन, चार विती पुढं अन् तीन विती बाजूले, तर सात. दुनियेत कुठीबी सातच."

"आत्याबाई, म्हणावं पाच."

"सात."

"पाच."

घनश्याम भिंतीला टेकून बसला होता. त्याला कोणाची बाजू घ्यावी कळेना, म्हणून तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांना तासापूर्वीच पाणी दाखवून झालं होतं.

"उद्या बांधीत चाल म्हन," टेकचंद म्हणाला. "तिथं दाखव पाच."

सकाळी चौघंही धानाच्या बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यावर गेले. कापणी झालेल्या बांधीत धसकटं उभी होती, दोरीनं रोवलेली, उभ्या आडव्या ओळींत, कुठूनही पाहिलं तरी चौकोनच चौकोन. दोन धसकटांमध्ये बरोबर टेकचंदची एक वीत. सत्यवतीनं कोपऱ्यातल्या धसकटाला चिंधी बांधली. तिथून सरळ चार धसकटं मोजली, मग वळून तीन, आणि त्या धसकटाला दुसरी चिंधी बांधली.

"आत्याबाई, मामाजींना म्हणावं, आता इथून तिथवर आपल्या वितीनं मोजा."

टेकचंद धोतर सावरून खाली बसला. पहिल्या धसकटाला अंगठा लावला, करंगळी ताणली. एक. अंगठा करंगळीच्या जागी आणला. दोन. तीन. चौथ्या वितीला त्याचा हात जरा वाकडा जायला लागला, आणि सुंदरबाईला उद्देशून बोलायचं सुनेच्या ध्यानातच राहिलं नाही.

"मामाजी, वीत सोडू नका. सरळ धरा. हं, आता."

चार. पाच. करंगळी धसकटावर टेकली.

टेकचंदनं पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. मग त्यानं मान वर करून सुनेकडे पाहिलं. लग्नानंतर त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं ते बहुतेक पहिल्यांदाच. तिनं पदर पुढे ओढला, पण मागे सरली नाही.

"अजून एक दाखवू का?" ती म्हणाली.

"दाखव."

बारा सरळ आणि पाच आडवे. तेरा आले. चोवीस सरळ आणि सात आडवे. टेकचंद आता स्वतः ओळी मोजत होता आणि घनश्याम दोरी धरत होता. पंचवीस आले. मग चाळीस सरळ, नऊ आडवे. दोरी ताणून लाल चिंध्या मोजल्या. एक्केचाळीस.

टेकचंद दोरी हातात घेऊन बांधीच्या मध्यात उभा राहिला. "नऊ आडवं गेलो," तो सावकाश म्हणाला, "अन् जास्त झालं एकच?"

"एकच. जितकं पुढं लांब जावं, तितकं तिरप्याचं जास्तीचं कमी होत जाते. तुमची वाट तर आठशेची होती, मामाजी. आठशेत तीस काहीच नाही."

"पावणेसात बोटं."

"पावणेसात."

त्यानं हाताची बोटं मिटली, उघडली. "अन् मी हरलो बारा बोटायनं. बारातून पावनेसात..." त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "सव्वापाच बोटं. वाटा सारख्या असत्या तरी सव्वापाच बोटायनं हरलोच असतो."

"हो," सत्यवती म्हणाली. आवाज जरा लहान झाला होता.

सुंदरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. ती काहीतरी समजुतीचं बोलणार होती, पण टेकचंदला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग तो बांधावर बसूनच हसायला लागला. "घनश्याम, सायकल काढ. कारध्याले जाय. गोपीचंदले म्हन, जेवाले ये. म्हन, कामाचं हाय."

कारधा तिथून चांगलंच लांब होतं. गोपीचंद दुसऱ्या दिवशी दुपारी आला, जरा बिचकतच. वर्षभर दोघांचं बोलणं नव्हतं. टेकचंदनं त्याला ओसरीवरही बसू दिलं नाही, थेट बांधीत नेलं आणि चार-तीन-पाच करून दाखवलं. मग चाळीस-नऊ-एक्केचाळीस. गोपीचंदला आधी वाटलं टेकचंदच्या डोक्यावर परिणाम झाला. मग हळूहळू त्याला अर्थ कळत गेला, आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे मी वीतभरानं नाई जितलो?"

"सव्वापाच बोटायनं जितलास."

"मी तर भंडाऱ्याच्या बाजारात हातभर सांगून राहिलो होतो," गोपीचंद म्हणाला.

जेवताना दोघं एकमेकांच्या पानात वाढत होते. सुंदरबाईनं बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला होता. गोपीचंदनं तीनदा मागून घेतला आणि आत बघून म्हणाला, "वहिनी, यंदाच्या वाटा तुमच्या सुनेनंच आखाव्या. मले पन भरवसा पायजे."

भय्याजींना ही गोष्ट आधी रुचली नाही. पटाच्या जागेत बाईमाणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पण दोन्ही जोड्यांचे मालक एकाच मताचे झाले म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. आठवड्याभरात बोडी पूर्ण आटली होती, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. सत्यवतीनं सुरुवातीच्या रेषेवर तीन, चार आणि पाच वितींच्या दहापट दोरी धरून कोपरे काटकोनात बसवले, दोन्ही वाटा सरळ ओढल्या, आणि शेवटची दोरीही तशीच. घनश्यामनं खुंट्या ठोकल्या. बघायला आलेल्या बायांना सुंदरबाई सांगत होती की तीन, चार अन् पाच धरलं का कोपरा चुकतच नाही. एका बाईनं विचारलं, "काहून नाई चुकत?" सुंदरबाई म्हणाली, "ते तिलेच इचार, मले येवढंच येते."

पटाच्या दिवशी तलावाच्या पाळीवर माणूस मावत नव्हता. चिवड्याची, उसाची, बांगड्यांची दुकानं लागली. बाया दरवर्षी लांबूनच बघायच्या. त्या वर्षी त्या वाटांच्या जवळ येऊन बसल्या, आणि कोणी उठा म्हटलं नाही.

टेकचंदची जोडी गोपीचंदच्या जोडीला लागली. जोड्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांनी आरोळी दिली, झेंडी पडली, आणि दोन्ही जोड्या धुळीतून अशा आल्या की शेवटपर्यंत कोणाचं नाक पुढं ते कळेना. दोरीजवळ मात्र टेकचंदची जोडी दोन हातांनी पुढं निघाली. पाळीवरून जो गलका झाला त्यात सत्यवतीचाही आवाज होता. तिच्या डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला ते तिला कळलं नाही, आणि सुंदरबाईला कळलं तरी तिनं सांगितलं नाही.

शेवटच्या फेरीत तुमसरच्या पलीकडच्या बपेऱ्याची एक जोडी होती. मध्यप्रदेशाच्या सीमेवरचं गाव, बैल चार दिवस चालत आणले होते. त्या बैलांनी टेकचंदच्या जोडीला गाडीभर अंतरानं मागे टाकलं. इतकं सरळ, स्पष्ट हरल्यावर टेकचंद आणि गोपीचंद दोघंही धावत जाऊन त्या बैलांचे पाय चाचपायला लागले. मालकाचं नाव खुशाल. उंच, सावळा माणूस, डोक्याला हिरवा दुपट्टा.

"काय खाऊ घालता जी याइले?" गोपीचंदनं विचारलं.

"ते मंग सांगतो," खुशाल म्हणाला. "आधी हे सांगा, वाटा कोनं आखल्या? मी लय पट पाहिले. पन दोन्ही वाटा अशा सारख्या कुठी नाई पाहिल्या. आमच्याकडं फागुनात पट हाय. त्या मानसाले घेऊन जातो म्हनलं."

टेकचंदनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंडावरची धूळ पुसली आणि मागे वळून पाहिलं. सत्यवती आणि सुंदरबाई खुंट्या उपटून गोळा करत होत्या.

"तिलेच इचारा," तो म्हणाला. "माही सून हाय. नाव सत्यवती."

खुशाल जरा थबकला. मग तिच्यासमोर जाऊन त्यानं हात जोडले. "बाई, आमच्या गावाले याल का?"

सत्यवतीनं सासूकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडेही नाही. "वाटेत झाडं-बिडं किती आहेत? जमीन सपाट आहे का?" तिनं विचारलं.

"एक मोहाचं झाड हाय मधात."

"मग आधी येऊन पाहावं लागेल."

"पाहून घ्या ना. तुमसरपासून एष्टी हाय. उतरवून घेतो आमी."

सुंदरबाईनं हातातल्या खुंट्या घनश्यामच्या हवाली केल्या आणि पुढे आली. तिची चुलत बहीण तिकडच्याच एका गावात दिलेली होती, वीस वर्षांत भेट नव्हती. बपेऱ्याहून तिचं गाव किती दूर, तिथं मुक्कामाला सोय होईल का, आणि परतीची एष्टी किती वाजता, हे सगळं तिनं तिथेच, धुळीत उभं राहून, खुशालला विचारून घेतलं.